चौदा जुलैला एकट्याने शोझे बेटावर: आधी भरती बघा, मग सुट्टी

१४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिन. २०२६ साली तो मंगळवारी येतो, म्हणजे सोमवारची रजा टाकली की चार दिवस सुट्टी. नॉर्मंडीतल्या ग्राँव्हिल बंदरापासून सुमारे १७ किलोमीटरवर असलेली शोझे बेटं अशा वेळी होड्यांनी भरून जातात. पण गोव्याहून जाऊन एकट्याने शिडाची होडी हाकणाऱ्या माणसाला तिथे गर्दीपेक्षा पाणी जास्त फसवतं. मांडवीत उधाणालासुद्धा पाण्याची चढ-उतार जेमतेम दोन मीटरची. ग्राँव्हिलला मोठ्या उधाणात ती १४ मीटरपर्यंत जाते, म्हणजे चारेक मजले. शोझेला भरतीत ५२ बेटं आणि ओहोटीत ३६५, असं तिथले लोक म्हणतात ते यामुळेच.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवास विम्यात किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोंयकारांना व्हिसा लागत नाही. सराव मात्र मेअखेर उरकून घ्या, कारण जून-जुलैत आपल्याकडे समुद्र खवळलेला असतो. एकट्याने शीड आखडणं, सुकाणू बांधून नाळेपर्यंत (होडीच्या पुढच्या टोकापर्यंत) जाऊन येणं आणि बोया (होडी बांधायचा तरंगता गोळा) पकडणं ही तीन कामं हातात बसलेली हवीत.

फ्रान्समध्ये शिडाच्या होडीला कायद्याने परवाना लागत नाही. सहा अश्वशक्तीच्या वर इंजिन असलेल्या मोटरबोटीला लागतो. भाड्याने देणारे मात्र अनुभवाची नोंद मागतात, म्हणून ती लिहून न्या. किनाऱ्यापासूनच्या अंतरावर जीवरक्षक जॅकेटची किमान तरंगवण्याची क्षमता ठरते. एकट्याने जाताना थेट १५० न्यूटनचंच घ्या, आणि बंदर सोडण्यापूर्वीच अंगावरचा सुरक्षा पट्टा होडीला अडकवा. एकटा माणूस पाण्यात पडला की होडी वळवायला मागे कोणी उरत नाही.

आता वेळेचं गणित. फ्रेंच सागरी खात्याचं भरतीचं कोष्टक हिवाळी वेळेत छापलेलं असतं, त्यामुळे जुलैत एक तास मिळवावा लागतो. बंदरात मिळणाऱ्या पुस्तिकेत तो कधी आधीच मिळवलेला असतो, म्हणून वरची टीप वाचा. रोजच्या भरतीपुढे २० ते १२० मधला एक आकडा असतो: ४५ म्हणजे भांग (लहान भरती), ९५ म्हणजे उधाण (मोठी भरती). २०२६ मध्ये १४ जुलैलाच अमावस्या आहे, आणि सर्वांत मोठं उधाण त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं. ग्राँव्हिलला उधाणाच्या दिवसांत भरती सकाळी आणि संध्याकाळी असते, ओहोटीचा तळ दुपारी. म्हणून सकाळच्या भरतीला निघा आणि संध्याकाळच्या चढत्या पाण्यावर परता. ग्राँव्हिलच्या एरेल मरीनाच्या (होड्या ठेवायच्या गोदीच्या) तोंडाला उंबरठा आहे, पुरेसं पाणी असेल तेव्हाच आत-बाहेर करता येतं. त्यावर किती पाणी आहे ते फलकावर दिसतं. उशीर झाला तर बाहेर ताटकळावं लागतं.

नांगर टाकताना बारा भागांचा हिशेब करा. १२ मीटरची ओहोटी असेल तर सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ मीटर उतरतं. तिसऱ्या-चौथ्या तासाला म्हणजे मिनिटाला पाच सेंटिमीटर! समजा भरतीनंतर दोन तासांनी तुमच्या खोलीमापकावर ११ मीटर दिसतंय. अजून ९ मीटर उतरायचं आहे, म्हणजे तळाशी दोनच मीटर उरणार. होडीचा तळ दीड मीटर खोल असेल तर खाली अर्धाच मीटर मोकळा. एवढ्यावर तिथे नांगरू नका. साखळी नेहमी भरतीच्या खोलीवर मोजा, ओहोटीच्या नव्हे.

ग्राँद-इल या शोझेच्या मुख्य बेटाजवळच्या साउंड या खाडीत पाहुण्या होड्या पुढे-मागे अशा दोन बोयांना बांधतात, आणि सुट्टीत एकमेकींना खेटून. फेंडर (धक्का झेलणाऱ्या गाद्या) दोन्ही बाजूंना लावा. जाताना प्रवाहाला तोंड देऊनच जा. दोर नाळेवरून, सगळ्या कठड्यांच्या बाहेरून आणून मध्यभागी, जिथे काठ पाण्याला सर्वांत जवळ असतो तिथे, हातात तयार ठेवा. बोया तिथे आणा, कडीतून दोर ओवा आणि टोक परत होडीत घ्या. नाळेवर वाकून आकडीने ओढत बसलात तर तेवढ्यात प्रवाह होडीची मागची बाजू शेजारच्या होडीवर नेऊन आदळतो.

वाऱ्याची मर्यादा एकट्यासाठी बोफर्ट (वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या मापावर) चार, आमच्या मते त्याहून जास्त नको. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटा उभ्या होतात. ओहोटीच्या वेळी आग्वादच्या तोंडाशी पश्चिमेचा वारा लागला की होतं तसंच.

बेटावर मोटारी नाहीत, दुकान लहान आहे आणि गोडं पाणी मोजकं, म्हणून पाच लिटर बरोबर न्या. उघड्या पडलेल्या वाळूवर फिरायला जायचं तर ओहोटीच्या दोन तास आधी निघा आणि तळ गाठला त्या मिनिटाला माघारी वळा. पाणी समोरून येत नाही, मागच्या ओहोळांतून भरत येतं आणि परतीची वाट आधी बंद करतं.

रात्री आतषबाजी असते तेव्हा बऱ्याच बंदरांजवळ होड्यांना मनाई असते. सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, त्याआधी आत या. अडचण आली तर होडीवरच्या व्हीएचएफ रेडिओची १६ नंबरची वाहिनी, नाहीतर फोनवरून समुद्री बचावाचा १९६ नंबर.