उंदरांनी वायर कुरतडली? या चुका टाळा

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की उंदीर घराकडे वळतात. मग एखाद्या सकाळी फ्रिज बंद पडलेला असतो, नाहीतर वॉशिंग मशीन लावलं की अख्ख्या घराची लाईट जाते. अशा वेळी होणारी एक चूक जिवावर बेतू शकते, म्हणून आधी तीच सांगते.

आरसीसीबी, म्हणजे बोलताना आपण ज्याला ईएलसीबी म्हणतो तो, सारखा पडतोय म्हणून त्याला वगळून थेट जोडणी करून घेऊ नका. घरातला हा स्विच सहसा 30 मिलिअँपिअरचा असतो. तेवढी वीज भलतीकडे गळली की तो पडतो. एमसीबीला ही गळती कळत नाही. तो जादा लोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो.

आमच्याकडे कोरड्या दिवशी मशीन नीट चालायचं, पाऊस लागला की ट्रिप. वायरमन म्हणाला, "ताई, दमट हवेचं आहे, डायरेक्ट करून देतो." मी नको म्हटलं. प्लग काढून मशीन आडवं केलं, तर उघड्या तळातून चिंध्या आणि लेंड्या पडल्या. वर एका वायरचं आवरण बोटभर सोललेलं, कडेला दातांच्या जोडखुणा आणि तांबं जवळजवळ पत्र्याला टेकलेलं. त्या दिवशी डायरेक्ट करून घेतलं असतं तर ओल्या हाताने त्याच पत्र्याला मी रोज शिवले असते.

टेप गुंडाळून भागवू नका. दात तांब्याच्या तारांपर्यंत पोचले असतील तर काही तारा तुटलेल्या असतात, तिथे वायर तापते आणि टेपही सुटते. तेवढी वायर पूर्ण बदला. एक जागा सापडली म्हणून थांबू नका, वायरमनकडून त्या सर्किटची मेगर टेस्ट, म्हणजे वायरीच्या आवरणातून वीज गळते का याची तपासणी, करून घ्या. 500 व्होल्टला रीडिंग 1 मेगाओहमच्या खाली आलं तर ते सर्किट चालू करायचं नाही.

"वायरीत खाण्यासारखं काय आहे?" असं म्हणून निर्धास्त राहू नका. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजवायला तो काहीही कुरतडतो. चिचुंद्री मात्र किडे खाते, वायरीच्या मागे लागत नाही. तिला उगाच मारू नका.

लेंड्या कोरड्या झाडू नका. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो आणि त्याचे जंतू जखमेतून शरीरात शिरतात. वीज बंद करून हातमोजे घाला, ब्लीचच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्या.

विष टाकलं तर उंदीर फ्रिजमागे मरतो आणि वाट उघडीच राहते. लहान उंदराला पेन्सिलीएवढं, जेमतेम 6 मिलिमीटरचं भोक पुरतं. एसीच्या पाइपभोवती, सिंकखाली, ड्रेनच्या नळीजवळ पाहा. नुसता फोम मारला तर तोही कुरतडला जातो. तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावा.

मग रात्री तिथे थोडी पावडर भुरभुरा. सकाळी पावलं उमटलेली दिसली तर अजून एक भोक शोधायचं बाकी आहे.