रेल्वे मॉडेलच्या प्लॅस्टिक बॉडीवरचा कंपनीचा रंग कसा उतरवायचा

एचओ स्केलच्या (१:८७ प्रमाणातल्या) इंजिनाला 'डेक्कन क्वीन'चा जुना निळा-पांढरा साज चढवायचा असेल, तर नवा रंग थेट कंपनीच्या रंगावर मारू नका. थरावर थर चढले की रिव्हेट, दारांच्या कडा आणि जाळ्या बुजतात. जुन्या अक्षरांचा उंचवटाही नव्या रंगाखालून दिसत राहतो.

आधी बॉडी उलटी करून आतून बघा. आत-बाहेर एकच रंग असेल, तर बहुधा प्लॅस्टिकच त्या रंगाचं आहे. मग उतरवायचे ते फक्त पट्टे आणि अक्षरं, आणि त्यासाठी खाली सांगितलेल्या अल्कोहोलमध्ये बुडवलेला इअरबड पुरतो.

पूर्ण रंग काढायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) घ्या. सर्किट बोर्ड साफ करायचं हे आयपीए पुण्यातल्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. ७० टक्क्यांच्या द्रवात पाणी बरंच असतं, त्यामुळे काम रेंगाळतं. थिनर, अॅसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर मात्र जवळही आणू नका. पॉलिस्टायरीन आणि एबीएस ही दोन्ही प्लॅस्टिकं त्यात विरघळतात, आणि गेलेलं नक्षीकाम परत येत नाही. आयपीए प्लॅस्टिक विरघळवत नाही. ते रंगाच्या थरात शिरून त्याला फुगवतं आणि त्याची पकड सोडवतं.

बॉडी चासीवरून काढा. काचा, दिव्यांची भिंगं, धातूचे दांडे आणि स्क्रू, सगळं उतरवा. पारदर्शक प्लॅस्टिकला अल्कोहोलने बारीक तडे जाऊ शकतात. स्क्रू आवळलेला राहिला तर तिथल्या ताणामुळे तो ज्यात बसतो तो प्लॅस्टिकचा खांबही चिरतो. नंतर भांड्यांच्या साबणाने बॉडी धुऊन तेलकटपणा घालवा आणि आतल्या कोपऱ्यात आयपीएचा थेंब टाकून १५ मिनिटं थांबा. प्लॅस्टिक चिकट किंवा पांढुरकं झालं, तर तिथेच थांबा.

भिजवायला घट्ट झाकणाचा लांबट, अरुंद डबा हवा. ५०० मिली आयपीएत बॉडी बुडत नसेल, तर पाण्याने भरलेली बंद बाटली शेजारी आडवी ठेवा, पातळी वर येते. हे काम गॅस, देवघरातला दिवा आणि उदबत्ती यांपासून दूर, खिडक्या उघड्या ठेवून करा. आयपीएची वाफ चटकन पेट घेते. हातात नायट्राइल ग्लोव्हज हवेत.

अर्ध्या तासाने पहिल्यांदा बघा. रंगाला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या असतील, तर मऊ टूथब्रशने एकाच दिशेने हलकं घासा. निघत नसेल तर जोर लावू नका, परत बुडवा आणि तासातासाने बघत राहा. काही रंग रात्रभर घेतात. बिघाड बहुतेक इथेच होतो: कंटाळून सुरीने खरवडलं की ओरखडा प्लॅस्टिकमध्ये उतरतो, आणि नव्या रंगाखाली तो आणखी उठून दिसतो. खाचांतला रंग लाकडी टूथपिक आयपीएत बुडवून काढा. डिंकाने जोडलेले भाग मध्येच सुटू शकतात, म्हणून डबा रिकामा करताना तळ तपासा.

लाल किंवा गडद रंगाची फिकट छटा प्लॅस्टिकमध्ये मुरून राहिली, तर ती घासून जात नाही. तिच्यामागे लागू नका, करडा प्रायमर तिला झाकतो.

शेवटी कोमट पाणी आणि साबणाने धुवा. कढत पाणी नको, पातळ बॉडी वाकते. सावलीत किमान एक दिवस वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवस. खाचांत ओल राहिली की तिथला प्रायमर सुटतो.

वापरलेलं आयपीए बेसिनमध्ये ओतू नका. एक रात्र स्थिर ठेवलं की रंगाचा गाळ खाली बसतो. वरचं द्रव जुन्या सुती कापडातून गाळून चिठ्ठी लावलेल्या बाटलीत भरा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. पुढच्या दोन-तीन बॉडींना ते पुरतं.