रस्त्याकडेची झाडं बदलणार आहेत? बैठकीला जाण्याआधीची तयारी

झाडावर चिकटवलेली नोटीस दिसली की आधी तिचा फोटो काढा, तारीख वाचता येईल असा. हरकत घेण्याची मुदत बहुतेक ठिकाणी नोटिशीच्या तारखेपासून मोजतात, आणि पावसाने भिजून नोटीस गळून पडली तरी मुदत चालूच राहते. मग घरी बसून ती शब्दशः वाचा. झाड तोडणार आहेत, दुसरीकडे हलवणार आहेत की नुसती छाटणी आहे? किती झाडं आहेत? कारण काय लिहिलंय, आणि ते प्रत्येक झाडापुढे वेगळं आहे की सगळ्यांना मिळून एकच? काम उद्यान विभागाचं आहे की रस्ते विभागाचं? ही विचारपूस फोनवर करून चालेल, पण बैठकीत निर्णय होणार आहे की झालेल्या निर्णयाची फक्त माहिती देणार आहेत, हे मात्र लेखी विचारा. या दोन बैठकांची तयारी वेगवेगळी असते.

त्यानंतर झाडांची वही करा. या यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. पहिल्यांदा मी अशा बैठकीला गेले, तेव्हा आमच्या रस्त्यावरच्या सावलीबद्दल मनापासून बोलले. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, ‘आपण कोणत्या झाडाबद्दल बोलताय? क्रमांक सांगा.’ माझ्याकडे क्रमांक नव्हता. त्यांच्याकडे सगळ्या झाडांचा तक्ता होता. पुढची पंधरा मिनिटं त्या तक्त्यावरच बोलणं झालं, आणि त्यातल्या एकाही ओळीला उत्तर देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

तर दोघांनी मिळून निघा. एकाच्या हातात शिंप्याची टेप, दुसऱ्याच्या हातात वही. प्रत्येक झाडाला क्रमांक असेल तर तो, नसेल तर घरक्रमांकाची खूण लिहा. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर मोजा. देशादेशांत ही उंची जमिनीपासून १.३ ते १.५ मीटर धरतात. तुमच्याकडच्या नियमात जी असेल ती घ्या. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास येतो. डेऱ्याचा विस्तार पावलांनी मोजा, एका टोकाखाली उभं राहून दुसऱ्या टोकापर्यंत. चार बाजूंनी चार फोटो, एक बुंध्याच्या तळाचा, एक उचकटलेल्या फरशीचा. शक्यतो दोन-तीनदा जा, कारण घरटी आणि वटवाघळं दिवसाच्या प्रत्येक वेळी दिसत नाहीत. विणीच्या हंगामात तोड करायला अनेक देशांत बंधनं आहेत, म्हणून घरटं दिसलं तर तारखेसकट नोंद ठेवा.

आता कारणांकडे या. प्रत्येक झाडापुढे सहापैकी एक शब्द लिहा: मेलेलं, धोक्याचं, रोगट, अडचणीचं, बांधकामाच्या आड येणारं, चुकीच्या जातीचं. प्रशासनाच्या कागदावर हे सहाही बऱ्याचदा ‘धोकादायक’ या एकाच शब्दात कोंबलेले असतात, आणि तिथूनच वाद सुरू होतो. धोक्याचं झाड आणि फरशी उचकटणारं झाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला उशीर चालत नाही. दुसऱ्याला उपाय असू शकतो.

‘झाड पोकळ आहे’ हे कारण असेल तर थोडं थांबा. पोकळ म्हणजे पडणारं, असं नसतं. झाडाचा जिवंत भाग सालीलगत बाहेरच्या बाजूला असतो. आतला गाभा सडला तरी बाहेरची भिंत जाड असेल तर झाड नळीसारखं उभं राहतं. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस माटेक यांनी शेकडो पडलेली आणि उभी झाडं तपासून भिंतीची जाडी बुंध्याच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असावी असं प्रमाण मांडलं. त्यावर नंतर मतभेदही झाले, कारण डेरा लहान असेल तर त्याहून पातळ भिंतही भार पेलते. तुम्हाला त्या वादात पडायचं नाही. तुम्ही एवढंच विचारायचं: भिंत किती जाड आहे, हे कुणी, कधी आणि कशाने मोजलं? लाकडी हातोडीने ठोकून, बारीक सुई घुसवून लाकडाचा विरोध मोजणाऱ्या यंत्राने, की ध्वनिलहरींनी आतलं चित्र काढून? गाडीत बसून नुसत्या नजरेने पाहणी झाली असेल तर तेही कळायला हवं. आणि तळाशी बुरशीची छत्रं, मुळांजवळ नव्याने फाटलेली माती, गेल्या काही महिन्यांत वाढलेला झुकाव यातलं काही तुम्हालाच दिसलं, तर ते लपवू नका. त्याच दिवशी कळवा. खाली माणसं चालतात.

इथे एक अवघड काम येतं: कोणती झाडं जाऊ द्यायची, ते बैठकीआधी आपसांत ठरवा. ‘एकाही झाडाला हात लावू देणार नाही’ असं म्हणणारी मंडळी मला मनापासून आवडतात, पण समोरच्याने एकच मेलेलं झाड दाखवलं की त्यांचा सगळा मुद्दा कोसळतो. एखादी जातच संकटात असते, हेही खरं आहे. उत्तर अमेरिकेत २००२ साली डेट्रॉइटजवळ अ‍ॅशच्या झाडांत पाचूच्या रंगाचा एक भुंगा सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली बोगदे करतात आणि झाड काही वर्षांत वाळतं. तेव्हापासून तिथली कोट्यवधी अ‍ॅश झाडं गेली. त्याआधी एल्म नावाच्या झाडांवरच्या रोगाने रस्तेच्या रस्ते उघडे पाडले होते, आणि त्या मोकळ्या जागांत पुष्कळ ठिकाणी पुन्हा एकाच जातीच्या रांगा लावल्या गेल्या, त्यात अ‍ॅशही होतीच. म्हणून अधिकारी ‘सगळी एकाच जातीची आहेत, हळूहळू बदलायला हवीत’ म्हणाले तर त्यात तथ्य असू शकतं. तिथे तुमची मागणी एवढीच असावी की बदल टप्प्याटप्प्याने व्हावा: आधी मोकळ्या जागांत नवी झाडं, ती रुजली की जुन्यांतली सगळ्यात वाईट, मग पुढची. एकाच आठवड्यात सगळा रस्ता बोडका होता कामा नये.

कंत्राटाची प्रत मागायला विसरू नका. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात २०१२ साली रस्त्यांच्या देखभालीचं २५ वर्षांचं कंत्राट सुरू झालं. शहरात रस्त्याकडेची सुमारे ३६,००० झाडं होती, आणि त्यांतली १७,५०० बदलायची हा आकडा कंत्राटातच होता. लोकांना तो उघडपणे कळायला २०१८ उजाडलं. तोवर प्रत्येक झाडाखाली वेगळं भांडण चालू होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये एका रस्त्यावर पहाटेच्या अंधारात पोलीस बंदोबस्तात झाडं तोडली गेली. झाडं तपासायला स्वतंत्र समिती नेमली होती, पण झाडं वाचवण्याच्या तिच्या बहुतेक शिफारशी मानल्या गेल्या नाहीत. २०१८ मध्ये काम थांबलं, आणि मग जे झालं ते आपल्या कामाचं आहे: रहिवासी, पालिका आणि कंत्राटदार यांनी उरलेल्या वादातल्या झाडांखाली एकत्र उभं राहून पाहणी केली. पूर्वी तोडायचीच म्हणून ठरलेल्यांतली बरीचशी झाडं कडेच्या दगडात आणि फरशीत फेरफार करून राखता आली. २०२३ मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला आणि पालिकेने माफी मागितली.

एवढं सगळं सांगितलं ते एका मागणीसाठी. बैठकीच्या आधी संयुक्त पाहणी मागा. लेखी मागा, तीन तारखा सुचवून मागा. सभागृहात झाड म्हणजे तक्त्यातली एक ओळ असते. झाडाखाली अभियंता स्वतः वाकून फरशी बघतो आणि ‘इथे कडा थोडी पुढे घेता येईल’ असं त्याच्याच तोंडून निघतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पाहणीला तुमच्यापैकी चौघंच जा. चाळीस माणसांच्या घोळक्यात कोणताही अधिकारी मोकळेपणी बोलणार नाही.

पाहणीत फरशी आणि मुळांवर बोलणं येणारच, म्हणून थोडा हिशोब पाठ असू द्या. झाडाची बहुतेक मुळं वरच्या साठेक सेंटिमीटर मातीत, आडवी पसरलेली असतात. ब्रिटिश मानकानुसार बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ हे जपण्याचं क्षेत्र. घेर १५७ सेंटिमीटर, तर व्यास ५०, आणि वर्तुळाची त्रिज्या ६ मीटर. या वर्तुळात यंत्राने चर खणला तर आज काही दिसणार नाही, झाड दोन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागेल. पर्याय विचारा: आळं मोठं करणं, मुळांवरून फरशीला हलका उतार देणं, लवचीक पृष्ठभाग, मुळांवर भार न टाकता पुलासारखी बसवलेली फरशी, पदपथ रस्त्याच्या बाजूला थोडा पुढे काढणं. खणायचंच असेल तर हाताने किंवा हवेच्या झोताने. जमिनीखालच्या पाणी, गॅस, तारांच्या वाहिन्यांचा नकाशाही मागा; पर्याय कुठे शक्य नाही ते त्यावरच कळतं.

आणि या पाहणीला चाकांच्या खुर्चीतून ये-जा करणाऱ्या, काठी टेकत चालणाऱ्या किंवा बाळगाडी ढकलणाऱ्या शेजाऱ्यांना आधी बोलवा. उचकटलेली फरशी त्यांच्यासाठी रोजचा धोका आहे, आणि झाडं वाचवणाऱ्यांनी त्यांना विसरणं मला अन्यायाचं वाटतं. चाकांची खुर्ची वळवायला साधारण दीड मीटर जागा लागते. प्रत्येक झाडापाशी मोकळी रुंदी किती उरते ते मोजून वहीत लिहा. झाड हवं असलेला आणि फरशी सपाट हवी असलेला शेजारी एकाच पर्यायावर सही करतात, तेव्हा प्रशासनालाही निर्णय घेणं सोपं जातं.

नव्या झाडाविषयी लोक फार कमी विचारतात. जुनं गेल्याच्या दुःखात ते राहून जातं. ‘एकाला एक’ किंवा ‘एकाला तीन’ हे आश्वासन ऐकलं की डेऱ्याचा हिशोब मांडा. बारा मीटर विस्ताराच्या डेऱ्याची सावली एक मीटरच्या रोपाच्या सावलीच्या १४४ पट असते. रोपं लावूच नयेत असा याचा अर्थ नाही. जे जातंय ते भरून यायला किती वर्षं लागतील ते सगळ्यांनी उघडपणे म्हणावं, एवढ्यासाठी हा आकडा.

मग बारकाईने विचारा. जात कोणती, पूर्ण वाढल्यावर किती उंच, आणि वरून तारा जातात का? मोठं होऊ शकणारं झाड मोठ्या जागेत लावणार की सगळीकडे शोभेची बुटकी झाडं? अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक सँटामूर यांनी १९९० मध्ये सुचवलं होतं की शहरातल्या झाडांत एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून जास्त नकोत. मेलबर्नने २०१२ च्या धोरणात हीच मर्यादा आणखी कडक म्हणजे ५, १० आणि २० टक्के केली. तुमच्या रस्त्याची बेरीज वहीतून लगेच निघेल. खड्डा केवढा, हेही विचारा. एक मीटर लांब-रुंद-खोल खड्ड्यात एक घनमीटर माती मावते, आणि मोठ्या होणाऱ्या झाडाला वीस-तीस घनमीटर लागते. फरशीखाली मुळांना वाट ठेवणार नसतील तर तीस वर्षांनी हीच बैठक पुन्हा भरेल. फार मोठं, तयार झाड आणून लावण्याचा आग्रह मात्र धरू नका. लहान रोप लवकर रुजतं आणि काही वर्षांत त्या मोठ्याला गाठतं. रोप पिशवीतून काढताना गोल गुंडाळलेली मुळं सोडवणार का, बुंध्याचा तळाकडे रुंद होणारा भाग मातीवर उघडा राहील ना, टेकूचा पट्टा वर्षभराने कोण सोडणार, हेही लिहून न्या. पाणी किमान पहिली तीन वर्षं लागतं. ते कंत्राटात आहे का, आणि रोप मेलं तर किती दिवसांत दुसरं लावणार?

बैठकीच्या दिवसाबद्दल थोडंच सांगते. वहीची एक प्रत अधिकाऱ्यांसाठी न्या. तिघांनीच बोलायचं, विषय वाटून: एकाने झाडांची स्थिती, एकाने पदपथ, एकाने नवी लागवड. समोर बसलेल्या कनिष्ठ अधिकाऱ्याला निर्णयाचा अधिकार नसतो कधीकधी. त्याच्यावर आवाज चढवू नका, अधिकार कुणाचा आहे ते नाव-हुद्द्यासह विचारून घ्या. तुम्हाला मान्य असलेली झाडं आधी जाहीर करा, त्यानंतरचं ऐकण्याची तयारी समोर आपोआप वाढते. उठण्याआधी इतिवृत्त कोण लिहितंय आणि कधी मिळेल ते विचारा. त्याच रात्री तुमच्या समजुतीप्रमाणे काय ठरलं ते झाडांच्या क्रमांकांसह ईमेलने पाठवा आणि पोच मागा.

एक काम मात्र बैठकीच्याही आधी उरका. नव्या झाडांना पाणी घालायच्या पाळ्या घरोघरी फिरून लावून ठेवा, झाडासमोर दोन नावं, एक बाहेरगावी गेलं तर दुसऱ्याने घालायचं. तो कागद बैठकीत वहीसोबत पुढे ठेवा.