सिनेमा कॅमेरा पाहून पुढचा मिररलेस कॅमेरा कसा पारखावा

निकॉनने रेड ही सिनेमा कॅमेरे बनवणारी अमेरिकी कंपनी एप्रिल २०२४ मध्ये ताब्यात घेतली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये झेडआर नावाचा एक छोटा कॅमेरा जाहीर केला. त्याची किंमत सुमारे २,२०० डॉलर होती. रेडच्या आरथ्रीडी या रॉ (सेन्सरवरचा जवळजवळ कच्चा डेटा जपणाऱ्या) स्वरूपावर बेतलेले १२ बिटचे ६के चित्रीकरण त्यात कॅमेऱ्यातल्या कार्डावरच होत होते. ज्या स्वरूपासाठी चित्रपटवाले कालपरवापर्यंत याच्या कितीतरी पट पैसे मोजत होते, ते लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याच्या पिशवीत येऊन बसले. असे यापुढेही घडत राहणार आहे. त्यामुळे नवा कॅमेरा घेताना केवळ दुकानातल्या कपाटाकडे न पाहता आज सिनेमा कॅमेऱ्यात काय आहे, त्यातले काय खाली झिरपणार आहे आणि काय अडून राहणार आहे, हे स्वतः ओळखता आले पाहिजे.

त्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो: ही सोय मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात) आजवर का नव्हती? उत्तर बहुधा पाचांपैकी एक असते. सॉफ्टवेअर लिहिलेले नव्हते, सेन्सर पुरेसा वेगवान नव्हता, कॅमेऱ्याच्या अंगात जागा नव्हती, उष्णता आणि डेटा झेपत नव्हता, किंवा हक्क दुसऱ्या कोणाकडे होते. रॉ चित्रीकरणाची गोष्ट या शेवटच्या कारणाची आहे. निकॉनने २०२२ मध्ये झेड९ या कॅमेऱ्याला फर्मवेअरद्वारे (कॅमेऱ्याचे आतले सॉफ्टवेअर बदलून) कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यात संकुचित रॉ दिले, रेडने आपल्या पेटंटच्या आधारे दावा ठोकला, २०२३ मध्ये तो दावा मिटला आणि पुढच्याच वर्षी निकॉनने सगळी कंपनीच विकत घेतली. कुलूप कशाचे आहे ते कळले की ते कधी उघडेल याचा अंदाज बांधता येतो.

सॉफ्टवेअरच्या सोयी: थांबू नका, आजच शिका

शटर अँगल, वेव्हफॉर्म (उजळतेचा आलेख), फॉल्स कलर (उजळतेच्या पातळ्या रंगांनी दाखवणे) आणि चित्रीकरण करतानाच पडद्यावर लागणारे लट (चित्राला तयार रंग देणारे कोष्टक) या सोयींना वेगळे यंत्र लागत नाही, म्हणून त्या सर्वांत आधी खाली येतात. पॅनासॉनिकच्या जीएच५ मध्ये वेव्हफॉर्म २०१७ मध्येच होता आणि कॅननच्या आर५ मार्क २ मध्ये २०२४ साली फॉल्स कलर आला. त्याच वर्षी पॅनासॉनिकच्या जीएच७ साठी ॲरी या जर्मन कंपनीची लॉगसी३ ही लॉग रंगरेषा (ऊन-सावलीचे तपशील जपण्यासाठी चित्र फिके नोंदवण्याची पद्धत) पैसे भरून घेता येऊ लागली. ज्या कंपनीचा ॲलेक्सा हा सिनेमा कॅमेरा गेली दीड दशके चित्रपटसृष्टीचा मापदंड मानला जातो, तिने आपली रेषा दुसऱ्या कंपनीच्या मिररलेसमध्ये जाऊ दिली, ही माझ्या मते ८के पेक्षा मोठी बातमी होती. म्हणून कॅमेरा निवडताना त्या कंपनीने मागच्या कॅमेऱ्यांना विक्रीनंतर किती फर्मवेअर दिले, याचा इतिहास अवश्य पाहावा.

शटर अँगलपासून सुरुवात करा. सेकंदाच्या भागांऐवजी अंशांत शटर ठेवले की फ्रेमचा वेग बदलला तरी हालचालीचा धूसरपणा त्याच प्रमाणात राहतो. १८० अंश हा नेहमीचा आकडा आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून २५ फ्रेमला १८० अंश, म्हणजे १/५० सेकंद, हे गणित आपोआप जुळते. २४ फ्रेमला मात्र १८० अंशांचा अर्थ १/४८ होतो आणि स्वस्त एलईडीखाली चित्रात हलका थरकाप दिसू शकतो, तिथे १७२.८ अंश ठेवले की पुन्हा १/५० मिळते. संथ गतीसाठी मांडवातल्या दिव्यांखाली १२० ऐवजी १०० फ्रेम निवडा आणि शटर ३६० अंशांवर, म्हणजे १/१०० वर ठेवा. धूसरपणा थोडा वाढेल, पण पट्टे येणार नाहीत.

आता लॉग आणि एक्सपोजर. इथे घाई करू नका, कारण सिनेमा कॅमेऱ्याकडून शिकण्याची खरी गोष्ट हीच आहे. सोनीच्या एस-लॉग३ मध्ये १८ टक्के करडा रंग वेव्हफॉर्मवर ४१ टक्क्यांवर बसतो, तर पॅनासॉनिकच्या व्ही-लॉगमध्ये ४२ वर. करडे कार्ड चेहऱ्याजवळ धरून ही जागा गाठणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे आपल्या कॅमेऱ्याचे छत शोधणे. लॉगमध्ये चित्र फुटते (उजळ भागातले तपशील नाहीसे होतात) ते १०० टक्क्यांवर नव्हे, त्याच्या आधीच. पेटलेल्या बल्बवर कॅमेरा रोखा, वेव्हफॉर्मची रेषा सपाट होईपर्यंत एक्सपोजर वाढवत न्या, ती ज्या टक्क्याला सपाट झाली तो आकडा वहीत लिहा आणि झेब्रा (उजळ भागावर पट्टे दाखवणारी खूण) त्याच्या दोन टक्के खाली लावा. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि ते प्रत्येक लॉगसाठी वेगळे करावे लागते.

एका हळदीच्या कार्यक्रमात मी हे अर्धवट केले होते. भर दुपारचे ऊन होते, नवरीच्या गालांवर ओली हळद चमकत होती आणि वेव्हफॉर्मवर सगळे सुरक्षित दिसत होते. घरी येऊन रंग सुधारायला बसलो तर गालांवरची हळद एका सपाट पिवळ्या ठिपक्यासारखी झाली होती. बोटांचे ठसे, ओघळ, त्वचेचा पोत, काहीच उरले नव्हते. कारण साधे होते. हळदीत निळा रंग जवळजवळ नसतो आणि लाल फार वर असतो. साधा वेव्हफॉर्म तिन्ही रंगांची मिळून उजळता दाखवतो आणि तीत लालाचा वाटा कमी असतो. लाल वाहिनी केव्हाच छताला टेकली होती, पण एकत्रित रेषेने ते लपवले. तेव्हापासून हळद, झेंडू आणि भगवे फेटे यांच्यासमोर मी तिन्ही रंग वेगळे दाखवणारी आरजीबी परेड लावतो आणि लाल टेकत असेल तर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) खाली येतो. नवा कॅमेरा पाहताना त्यात केवळ वेव्हफॉर्म आहे का एवढे विचारू नका, परेड आहे का तेही विचारा.

सेन्सरचा वेग: दुकानात बल्ब घेऊन जा

बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र एका दमात न वाचता वरून खाली, ओळीमागून ओळ वाचतो. वाचनाला वेळ लागला की कॅमेरा आडवा फिरवताना विजेचे खांब तिरके होतात. महागडे सिनेमा कॅमेरे इथे फार पूर्वीपासून पुढे आहेत. मिररलेसमध्ये हा वेग दोन वाटांनी येत आहे. एक वाट थरांच्या (स्टॅक्ड) सेन्सरची आहे; निकॉनच्या झेड९ मध्ये २०२१ साली तो इतका वेगवान झाला की यांत्रिक शटरच काढून टाकता आले, आणि झेड६ मार्क ३ मध्ये २०२४ साली अंशतः थर असलेला, स्वस्त पडणारा प्रकार आला. दुसरी वाट ग्लोबल शटरची, म्हणजे सगळा सेन्सर एकाच क्षणी टिपण्याची. सोनीच्या ए९ मार्क ३ ने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती पूर्ण फ्रेमच्या मिररलेसमध्ये प्रथम आणली. फ्लॅश कोणत्याही शटर वेगाला जुळतो हा तिचा मोठा फायदा आहे, पण बेस आयएसओ (सेन्सरची मूळ प्रकाशसंवेदनशीलता) नेहमीच्या १०० ऐवजी २५० वर गेला आहे आणि सावल्यांची स्वच्छता थोडी घटते. ग्लोबल शटर पुढे अनेक कॅमेऱ्यांत येईल, पण मंद प्रकाशात काम करणाऱ्याने त्यासाठी अडून बसू नये असे मला वाटते.

कंपन्या हा वाचनवेळ सहसा छापत नाहीत, तो तुम्ही मोजू शकता. ज्याच्याकडे फोनचा कॅमेरा रोखला की काळे पट्टे सरकताना दिसतात, असा एखादा स्वस्त एलईडी बल्ब सोबत घ्या. पांढऱ्या भिंतीवर त्याचा उजेड पाडा, फ्रेम त्या भिंतीने पूर्ण भरा, शटर १/२००० ठेवा आणि काही सेकंद चित्रीकरण करा. एक फ्रेम थांबवून वरपासून खालपर्यंत उजेड-अंधाराच्या किती जोड्या मावतात ते मोजा. आपल्या विजेवर प्रत्येक जोडी १० मिलिसेकंदांची असते. अडीच जोड्या दिसल्या तर वाचनवेळ २५ मिलिसेकंद आहे. नाच, लेझीम किंवा चालत्या गाडीतून चित्रीकरण करायचे असेल तर तो कॅमेरा मी घेणार नाही. एकच जोडी किंवा त्याहून कमी दिसली तर निश्चिंत राहा. ही चाचणी तुम्ही वापरणार असाल त्या प्रत्येक मोडमध्ये करा, कारण मोड बदलला की वेळ बदलतो.

याच सेन्सरशी निगडित असलेले दोन शब्द दुकानात हमखास एकत्र मिसळले जातात. ड्युअल नेटिव्ह आयएसओ म्हणजे सेन्सरला दोन मूळ पातळ्या असणे, ज्यांतली एका वेळी एकच वापरता येते. पॅनासॉनिकच्या व्हेरिकॅम ३५ या सिनेमा कॅमेऱ्यातली ही सोय २०१८ मध्ये जीएच५एस या मिररलेसमध्ये उतरली. ॲलेक्सात २०१० पासून जे आहे ते वेगळे: प्रत्येक बिंदू एकाच वेळी कमी आणि जास्त अशा दोन गेनने (संकेत वाढवण्याच्या पातळ्यांनी) वाचून दोन्ही वाचने एकत्र केली जातात, त्यामुळे ऊन आणि सावली एकाच फ्रेममध्ये सांभाळली जातात. हे तत्त्व कॅननच्या सी७० मध्ये २०२० साली आणि पॅनासॉनिकच्या जीएच६ मध्ये २०२२ साली आले. पुढच्या काही वर्षांत सर्वांत उपयोगी ठरेल अशी गोष्ट मला हीच वाटते. अंधाऱ्या गाभाऱ्यात उभे राहून दारातून बाहेरचे उन्हाळलेले आवार टिपायचे असेल तेव्हा आणखी पिक्सेल कामाला येत नाहीत, या दोन वाचनांचा उपयोग होतो. ही सोय चालू केल्यावर फ्रेमचा वेग मर्यादित होतो का, एवढे मात्र मेनूत तपासून घ्या.

जागा: अंगभूत एनडी का अडले आहे

उन्हात आयएसओ ८००, शटर १/५० आणि एफ २.८ ठेवायचे असेल तर सुमारे ९ स्टॉप प्रकाश कापावा लागतो. सोनीच्या एफएक्स६ मध्ये यासाठी सेन्सरसमोर इलेक्ट्रॉनिक एनडी (प्रकाश कापणारा काळसर फिल्टर) आहे आणि ते २ ते ७ स्टॉपपर्यंत सलग फिरते. मिररलेसमध्ये मात्र माउंटपासून (लेन्स बसते त्या कडीपासून) सेन्सरपर्यंतचे अंतरच निकॉन झेडला १६, सोनी ई ला १८, तर कॅनन आरएफला २० मिलिमीटर आहे. तेवढ्यात यांत्रिक शटर बसवायचे आणि हादरे शोषणाऱ्या सेन्सरला हलायला जागाही ठेवायची असते. यांत्रिक शटर जसजसे निघून जाईल तसतशी त्याची जागा एनडीला मिळू शकते, असा माझा तर्क आहे. तोवर एक चांगला व्हेरिएबल एनडी सर्वांत मोठ्या व्यासाच्या लेन्सच्या मापाने घ्या आणि बाकीच्या लेन्सना माप जुळवणारी रिंग लावा. रुंद लेन्सवर तो शेवटच्या टोकापर्यंत फिरवू नका, आकाशात काळी फुली उमटते.

उष्णता आणि डेटा

पंखा ही सिनेमा कॅमेऱ्याची आणखी एक देणगी आहे, आणि तीही जागा मागते. कॅननने आर५सी मध्ये २०२२ साली पंखा बसवला आणि सेन्सरची स्थिरीकरण व्यवस्था काढली. सोनीच्या एफएक्स३ मध्ये दोन्ही आहेत. तुम्ही हातात धरून काम करता की ट्रायपॉडवर तास तास चालू ठेवता, यावर निवड ठरवा. वैशाखातल्या मांडवात तीन तास उभे राहणाऱ्याला पंखा हवाच.

डेटाचा हिशेब कॅमेरा घेण्याआधी करा. ४के मध्ये २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ एचक्यू हे कमी संकुचित स्वरूप तासाला सुमारे ३३० गिगाबाइट खाते. एका लग्नात चार तासांचे चित्रीकरण झाले आणि दोन प्रती ठेवल्या तर अडीच टेराबाइटहून अधिक जागा लागते. म्हणून सगळे कार्यक्रम रॉ मध्ये करू नका. विधी आणि भाषणे १० बिटच्या संकुचित स्वरूपात घ्या आणि जिथे रंगांवर बारकाईने काम करायचे आहे, अशा पाचदहा मिनिटांपुरते रॉ राखून ठेवा. ८ बिटमध्ये प्रत्येक वाहिनीला २५६ पायऱ्या असतात आणि १० बिटमध्ये १,०२४. लॉगसाठी ८ बिट कधीही वापरू नका.

ओपन गेट, म्हणजे सेन्सरची पूर्ण उंची नोंदवणे, आणि ३२ बिट फ्लोट ध्वनी या दोन सोयी आता वेगाने पसरत आहेत. पहिल्या सोयीमुळे आडवे आणि उभे असे दोन्ही चित्र एकाच फ्रेममधून काढता येते. त्यासाठी चौकट धरताना दोन्हींच्या रेषा पडद्यावर लावून ठेवा. दुसरीमुळे अचानक वाजलेल्या ताशाने आवाज फाटत नाही, मात्र माइकच दबला असेल तर तीही काही करू शकत नाही.

दुकानात जाताना बल्ब, करडे कार्ड, आपले स्वतःचे मेमरी कार्ड आणि एखादे हळदीच्या रंगाचे कापड बरोबर न्या. दारातून बाहेरचे ऊन आणि आतला कोपरा एकाच फ्रेममध्ये घ्या, बल्बची चाचणी करा, कापडावर परेड पाहा आणि त्या सगळ्या फाइल घरी आणून स्वतःच्या संगणकावर उघडा. त्या न अडखळता चालल्या आणि कापडाची वीण पिवळ्या रंगातही मोजता आली, तर तो कॅमेरा घ्यायला हरकत नाही.