मूत्राशयाचा लिम्फोमा: निदान पक्के कसे करावे आणि उपचार कसे ठरवावेत

लघवीतून रक्त गेले आणि सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली, की ती बहुतेक वेळा मूत्राशयाच्या आतील अस्तराच्या कर्करोगाची निघते. त्यामुळे डॉक्टर आणि नातेवाईक दोघांचाही विचार त्याच दिशेने जातो. मात्र मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत एकापेक्षाही कमी प्रमाणात अशी गाठ लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींपासून बनलेली असते. हाच मूत्राशयाचा लिम्फोमा. अस्तराचा कर्करोग स्नायूत खोल गेला असेल तर मूत्राशय काढण्याचा सल्ला पुष्कळदा द्यावा लागतो. लिम्फोमा मात्र औषधांनी आणि किरणोपचारांनी विरघळतो, त्यात मूत्राशय काढण्याची वेळ क्वचितच येते. म्हणून काढलेल्या तुकड्याचा संपूर्ण अहवाल हाती येईपर्यंत मोठ्या शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

लक्षणांवरून हा आजार ओळखता येत नाही. लघवीतून वेदनेविना रक्त जाणे, वारंवार आणि रात्री उठून लघवीला जावे लागणे, जळजळ होणे या तक्रारी साध्या जंतुसंसर्गातही असतात. आजार मूत्राशयातच सुरू झालेला असेल तर रुग्ण बहुधा साठीच्या पुढची स्त्री असते आणि कित्येकदा तिला मूत्राशयाच्या जुन्या दाहाचा त्रासही असतो. त्यामुळे प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स होत राहतात आणि महिने निघून जातात. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत, तरीही रक्त जात आहे, अशा वेळी पुढचा कोर्स लिहून घेण्याऐवजी सोनोग्राफी करून युरोलॉजिस्टकडे जावे. आपल्याकडे क्षयरोगाची शंका घेणे योग्यच आहे. परंतु लघवीची क्षयाची तपासणी न करता, किंवा गाठ दिसत असूनही तिचा तुकडा न तपासता, केवळ अंदाजाने क्षयाची औषधे सुरू करू नयेत. स्टिरॉइडच्या बाबतीत तर जास्तच सावध राहावे, कारण त्यांनी लिम्फोमाच्या पेशी तात्पुरत्या वितळतात आणि नंतर घेतलेल्या तुकड्यात निदान करण्याजोगे फारसे काही उरत नाही.

तुकडा घेताना

दुर्बिणीतून पाहिल्यावर अस्तराचा कर्करोग पुष्कळदा झुपक्यांसारखा आत लोंबताना दिसतो. लिम्फोमाची गाठ अस्तराखाली वाढते, त्यामुळे वरचे अस्तर बऱ्याचदा गुळगुळीत आणि अखंड असते व खालून फुगवटा आल्यासारखा दिसतो. याच कारणाने लघवीतील पेशींची तपासणी निर्दोष येऊ शकते. अस्तर फाटलेले नसेल तर खालच्या पेशी लघवीत उतरणार कशा? असा निर्दोष अहवाल आला म्हणून गाठीचा तपास थांबवणे धोक्याचे आहे.

तुकडा वरवरचा घेतला तर त्यात फक्त दाह दिसतो. तो अस्तराच्या खालपर्यंत गेलेला हवा. दुसरे असे, की दुर्बिणीतून गाठ खरवडताना विजेच्या तारेने कापले जाते आणि त्या उष्णतेने तुकड्याच्या कडा करपतात. लिम्फोसाइट मुळातच नाजूक असल्याने करपलेल्या किंवा चिमट्यात दाबल्या गेलेल्या भागात त्या चिरडून निळसर रेघोट्यांसारख्या दिसतात, आणि मग कुशल पॅथॉलॉजिस्टलाही ठामपणे काही लिहिता येत नाही. शंका आधीपासून असेल तर काही तुकडे वीज न वापरता चिमट्याने अलगद घ्यावेत. बहुतेक तुकडे फॉर्मेलिनच्या बाटलीत जातात, पण फ्लो सायटोमेट्री (ताज्या पेशींवरच्या खुणा यंत्राने मोजण्याची तपासणी) करायची असेल तर एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये न टाकता सलाईनमध्ये ठेवून ताबडतोब प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. फॉर्मेलिनमध्ये एकदा पडलेल्या तुकड्यावर ही तपासणी होत नाही, तेव्हा शस्त्रक्रियागृहात जाण्यापूर्वीच हे ठरलेले असावे. सोबतच्या कागदावर वय, लक्षणे, दुर्बिणीत काय दिसले आणि पूर्वी कुठे लिम्फोमा झाला होता का, हे नीट लिहावे.

अहवाल वाचताना

साध्या रंगाच्या स्लाइडवर लिम्फोमाची फक्त शंका येते; खात्री इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने, म्हणजे पेशींची ठरावीक प्रथिने (मार्कर) रंगवून दाखवणाऱ्या तपासणीने होते. सायटोकेरॅटिन हा अस्तराच्या पेशींचा मार्कर निगेटिव्ह आणि सीडी ४५ हा पांढऱ्या पेशींचा मार्कर पॉझिटिव्ह आला तर गाठ अस्तराची नसून लिम्फोसाइटची असल्याचे समजते. सीडी २० पॉझिटिव्ह असेल तर त्या बी पेशी (लिम्फोसाइटचा एक प्रकार) होत, आणि मूत्राशयातील बहुतेक लिम्फोमा याच पेशींचे असतात. पुढे सीडी ५, सीडी १०, सायक्लिन डी १, बीसीएल २, बीसीएल ६ आणि केआय ६७ यांवरून उपप्रकार ठरतो. फसवणारे आजारही आहेत. जुन्या दाहात लिम्फोसाइटच्या गुठळ्या होतात, स्मॉल सेल कार्सिनोमा या वेगळ्या कर्करोगाच्या पेशी लिम्फोमासारख्या दिसतात, आणि अस्तराच्या कर्करोगाचा एक प्रकार तर प्लाझ्मा पेशींची हुबेहूब नक्कल करतो; त्यात सीडी १३८ हा प्लाझ्मा पेशींचा मार्करसुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणून त्या एका मार्करवर विसंबून राहता येत नाही.

केवळ ‘लिम्फोमा’ एवढाच शब्द असलेला अहवाल अपुरा समजावा. मूत्राशयातच सुरू झालेल्या आजारात माल्ट लिम्फोमा हा संथ प्रकार सर्वांत जास्त आढळतो; डिफ्यूज लार्ज बी सेल हा मोठ्या पेशींचा प्रकार वेगाने वाढतो, आणि इतरत्र सुरू होऊन मूत्राशयात पसरलेल्या आजारात तोच जास्त दिसतो. दोघांचे उपचार निराळे आहेत. मोठ्या पेशींचा प्रकार असेल तर फिश तपासणीने एमवायसी, बीसीएल २ आणि बीसीएल ६ या जनुकांची पुनर्रचना झाली आहे का, हेही पाहावे.

एवढ्या विरळ आजारात दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घेण्यात संकोच करू नये. त्यासाठी प्रयोगशाळेतून स्लाइडबरोबर मेणाचे ब्लॉकही मागून घ्यावेत, कारण नवे मार्कर करायचे तर ब्लॉकमधूनच नवे काप घ्यावे लागतात आणि नुसत्या स्लाइड घेऊन मुंबईला टाटा स्मारक रुग्णालयात गेलेल्या नातेवाइकांना ब्लॉकसाठी पुन्हा गावी फेरी मारावी लागू शकते. ब्लॉक जपून ठेवावेत. मेण वितळू नये म्हणून उन्हात तापलेल्या गाडीत ते सोडू नयेत.

आजाराचा पसारा

निदान झाले की सूत्रे वैद्यकीय कर्करोगतज्ज्ञ किंवा रक्तविकारतज्ज्ञ यांच्याकडे जातात. आजार कुठवर पसरला हे पाहण्यासाठी पेट सीटी हे स्कॅन करताना मूत्राशयाच्या बाबतीत एक खास अडचण येते: तपासणीसाठी टोचलेली किरणोत्सारी साखर लघवीतूनच बाहेर पडते, त्यामुळे मूत्राशय तसेही चमकते आणि आतली गाठ झाकली जाते. भरपूर पाणी, लघवी वाढवणारे इंजेक्शन आणि काही वेळाने पुन्हा काढलेली चित्रे यांनी ही अडचण बरीच दूर होते. स्कॅन केंद्राला आजाराची कल्पना आधी द्यावी. माल्ट लिम्फोमा ही साखर कमी ओढत असल्याने त्यात कॉन्ट्रास्ट सीटी किंवा एमआरआयचीही मदत घ्यावी लागते. अस्थिमज्जा, एलडीएच (रक्तातील एक एन्झाइम), युरिक ॲसिड, क्रिएटिनिन, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी या तपासण्या नेहमीच्या आहेत. हिपॅटायटिस बीसाठी मात्र पृष्ठभागाच्या अँटिजेनबरोबर कोअर अँटिबॉडीही तपासावी, कारण रिटुक्सिमॅब या बी पेशींवरच्या औषधामुळे दडून बसलेला हा विषाणू उसळून यकृत निकामी करू शकतो. तो आढळला तर एन्टेकॅविरसारखे औषध उपचारांच्या आधीपासून सुरू करून रिटुक्सिमॅब संपल्यावरही किमान वर्षभर घ्यावे लागते.

उपचार

गाठीने मूत्रवाहिनी दाबून मूत्रपिंड फुगले असेल तर आधी स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून लघवीला वाट करून द्यावी. क्रिएटिनिन खाली आल्यावर औषधे देणे सुरक्षित होते.

माल्ट लिम्फोमा फक्त मूत्राशयापुरता असेल तर किरणोपचार हा उत्तम मार्ग आहे. साधारण २४ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) एवढी मात्रा सुमारे १२ बैठकांत दिली जाते. अस्तराच्या कर्करोगात लागणाऱ्या मात्रेच्या निम्म्याहूनही ती कमी असते आणि बहुतेकांना चांगली सोसते. त्या दिवसांत लघवीला जळजळ आणि पातळ शौच होऊ शकते. मूत्राशय रिकामे ठेवायचे की ठराविक भरलेले, हे किरणोपचारतज्ज्ञ सांगतील तसे रोज सारखेच पाळावे. आजार पसरलेला असेल पण त्रास नसेल तर काही काळ नुसते लक्ष ठेवता येते, आणि त्रास असेल तर रिटुक्सिमॅब एकटे किंवा बेन्डामुस्टिन या केमोच्या औषधाबरोबर देतात. हिपॅटायटिस सी असलेल्यांत त्या विषाणूवरच्या औषधांनीही हा आजार ओसरू शकतो.

डिफ्यूज लार्ज बी सेल प्रकारात आर-चॉप (रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन) हा उपचार दर २१ दिवसांनी, बहुधा ६ वेळा दिला जातो. आजार मर्यादित असेल तर कमी वेळा, कधी किरणोपचारांची जोड देऊन. आजार बरा करण्याच्या उद्देशानेच हा उपचार दिला जातो. यातील डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचे असते आणि ते दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ज्याने लघवीतले रक्त पाहूनच दवाखाना गाठला होता, त्याला ही लाली पाहून आजार उलटल्याची भीती वाटणे साहजिक आहे, म्हणून पहिल्या केमोपूर्वीच परिचारिकेने किंवा डॉक्टरांनी हे सांगून ठेवावे. लाली दोन दिवसांनंतरही राहिली, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा ओटीपोटात कळा आल्या तर मात्र थांबू नये, कारण सायक्लोफॉस्फमाइडपासून तयार होणारे द्रव्य मूत्राशयाच्या अस्तराला चटके देऊ शकते. हृदय आणि मूत्रपिंड ठीक असतील तर त्या दिवशी भरपूर पाणी प्यावे आणि रात्रीही उठून मूत्राशय रिकामे करावे. व्हिन्क्रिस्टिनने बद्धकोष्ठ होते आणि क्वचित लघवी अडते. प्रोस्टेट वाढलेल्या वयस्कर पुरुषांनी हे ध्यानात ठेवावे. डॉक्सोरुबिसिनपूर्वी हृदयाचा टू-डी इको झालेला असावा. केमोनंतर ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, याची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे पहिल्या केमोपूर्वी करावी, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते. भारतीय कंपन्यांचे रिटुक्सिमॅब २००७पासून मिळते आणि मूळ औषधापेक्षा ते स्वस्त पडते.

उपचारांनंतरचा पेट सीटी शेवटच्या केमोनंतर ६ ते ८ आठवड्यांनी आणि किरणोपचारांनंतर सुमारे ३ महिन्यांनी करावा. त्याआधी केल्यास दाहामुळे चित्र फसवे येते. मूत्राशयाची भिंत थोडी जाड राहिली म्हणजे आजार राहिला, असे नव्हे. पहिली दोन वर्षे दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणीस जावे. माल्ट लिम्फोमा कित्येक वर्षांनी परत येऊ शकतो आणि कधी मोठ्या पेशींच्या प्रकारात बदललेलाही असतो, म्हणून लघवीत पुन्हा रक्त दिसले तर दुर्बिणीतून पाहून नवा तुकडा घ्यावा आणि पुढचे औषध त्या नव्या अहवालावरून ठरवावे.