कपडे घेण्याचा क्रम : घरचे, वापरलेले, शिवलेले

कपड्याचा पर्यावरणावरील भार बहुतांशी तो तयार होतानाच पडलेला असतो. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज नेहमी दिला जातो. महाराष्ट्रातील बहुतेक कापूस कोरडवाहू असल्याने आपल्याकडील हिशेब वेगळा निघू शकेल. परंतु शेतातील फवारणी, सूतगिरणीतील वीज आणि रंगाईतील मीठ व रसायने ही किंमत कपडा दुकानात टांगला जाण्यापूर्वीच मोजलेली असते. ब्रिटनमधील 'रॅप' या संस्थेने २०१२ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार कपडा आणखी नऊ महिने वापरात राहिला, तर त्याचा कार्बन, पाणी आणि कचरा यांचा भार २० ते ३० टक्क्यांनी उतरतो. म्हणून नवे काही घेण्यापूर्वी घरातले कपाट उघडावे, त्यानंतर नात्यागोत्यात विचारावे, आणि दुकानाची पायरी त्यानंतर चढावी.

वापरलेला कपडा घेताना तो उजेडासमोर धरावा, म्हणजे झिजलेला भाग लगेच दिसतो. कॉलरची घडी, काख आणि पँटच्या मांड्यांची आतली बाजू आधी पाहावी, कारण कपडा प्रथम तेथेच विरतो. उसवलेली शिवण, तुटलेले बटण किंवा अडकणारी चेन हे दोष दुरुस्त होतात. विरलेले कापड मात्र रफू करूनही फार दिवस टिकत नाही. आणलेला कपडा इतर कपड्यांत न मिसळता वेगळा धुवावा आणि कडक उन्हात उलटा करून वाळवावा.

शिवून घेण्यातील खरा लाभ पुढे अनेक वर्षे मिळतो. कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारून घ्यावा आणि सुती कापड बेतण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, म्हणजे पुढे ते आटून कपडा तोकडा होत नाही. शिंप्याला शिवणीत भरपूर माया, म्हणजे आत दुमडून राखलेले जादा कापड, ठेवण्यास आवर्जून सांगावे. तयार कपड्यांत ही माया जेमतेम असते, त्यामुळे अंग थोडे भरले की कपडा बाद होतो. दोन्ही बाजूंना इंचभर माया असेल, तर तोच कुर्ता उसवून सैल करता येतो. मुलांच्या फ्रॉकला खाली रुंद दुमड ठेवण्याची आपल्या आज्यांची पद्धत याच हिशेबाची होती.

कापड खरोखर सुती आहे का, याची खात्री नसल्यास कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळावेत. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिएस्टर खनिज तेलापासून बनते आणि प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू सुटतात. हे तंतू सांडपाण्याच्या शुद्धीकरणातूनही काही प्रमाणात निसटून नदीला मिळतात, आणि नाशिककर जिला गंगाच म्हणतात ती गोदावरी त्याला अपवाद नाही. घरात असलेले पॉलिएस्टर टाकून देऊ नये. ते थंड पाण्यात, मशीन पूर्ण भरून आणि कमी वेळा धुवावे.

जवळचे म्हणजे आपोआप चांगले, असे मात्र समजू नये. कपड्याच्या एकूण भारात वाहतुकीचा वाटा तुलनेने लहान असतो. मालेगावच्या यंत्रमागावरील कापड आपल्याच नाशिक जिल्ह्यातले असले, तरी त्यात सूत कोणते आहे हे विचारावेच लागते. येवल्याच्या पैठणीचे रेशीमही बव्हंशी कर्नाटकातून येते. तरीही हातमागाला वीज लागत नाही, आणि विणकर जिल्ह्यातच असल्यामुळे काठ किंवा पदर बिघडल्यास कोणाकडे जायचे हे ठाऊक असते. पदर उलटून पाहावा : हातमागावरच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते, तर यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. अंगाची साडी जीर्ण झाली, तरी धड राहिलेला काठ-पदर नव्या साडीला जोडता येतो.

जे अंगावर घालण्याजोगे उरत नाही, त्याची गोधडी करावी, कारण निफाडकडची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना तिची ऊब सांगावी लागत नाही. जुन्या सुती साड्यांचे तीन-चार थर सपाट पसरून कडा टाचाव्यात आणि मग बाहेरून मध्याकडे धावदोरा घालत जावे. मध्यापासून सुरुवात केल्यास कडेला चुण्या पडतात, असा माझा अनुभव आहे. बोहारणीला भांड्यांवर दिलेले कपडेही पुन्हा कोणाच्या तरी वापरात जातात. उरलेल्या सुती चिंध्यांची पायपुसणी होतात, आणि त्यानंतरचे तुकडे कोरडे करून घंटागाडीत सुक्या कचऱ्यात द्यावेत. अंगणातल्या शेकोटीत पॉलिएस्टरची एकही चिंधी घालू नये.