खुडूक कोंबडी रवणीला (अंडी उबवायला) बसवताना

परसात नव्याने कोंबड्या पाळणाऱ्याने उबवणीयंत्राच्या खर्चात न पडता गावठी खुडूक कोंबडीवर, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवायला बसू पाहणाऱ्या कोंबडीवर, भरवसा ठेवावा. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, त्यामुळे त्यांची अंडीही गावठी कोंबडीखालीच ठेवणे सोयीचे पडते. मध्यम अंगाच्या कोंबडीला 10 ते 12 अंडी पुरेत. हावरेपणाने जास्त ठेवली, तर कडेची अंडी गार पडतात, आणि कोंबडी ती सारखी आत-बाहेर सरकवत असल्याने एकेक करून बरीचशी वाया जातात. अंडी 7 दिवसांपेक्षा जुनी नसावीत आणि ती धुऊ नयेत, कारण धुण्याने कवचावरचा संरक्षक थर निघून जातो.

पाटीच्या तळाशी चाळलेली राख पसरून, वर भाताचा पेंढा घालून, कोंबडीला अंधार पडल्यावरच बसवावे. दिवसा बसवलेली कोंबडी बहुधा उठून जुन्या जागी जाते. सातव्या-आठव्या रात्री प्रत्येक अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर गर्भ वाढत आहे असे समजावे. अगदी स्वच्छ दिसणारे अंडे काढून टाकावे.

दाणा-पाणी पाटीजवळच असावे, मात्र कोंबडी दिवसातून एकदा उठून विष्ठा टाकायला बाहेर जाते, तेव्हा तिला अडवू नये. पिले साधारण 21व्या दिवशी फुटतात. त्या दिवशी कवच सोलून मदत करण्याचा मोह टाळावा, आणि पहिल्या आठवड्यातच मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस देण्याविषयी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेवावे.